परदेशात आल्यापासून चेहरा पिंपल्सनी भरलाय. त्वचा कशी सांभाळू आणि मन कसं?

ओली पहाट

शिक्षणासाठी घरापासून लांब येऊन साडेचार महिने झाले. वय २४. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखीचं कोणी वाचेल अशी भीती वाटते. प्रश्न तसाही कुठेही राहणाऱ्याला पडू शकेल असाच आहे.

माझी त्वचा पहिल्यापासून तेलकट. शाळेच्या शेवटच्या वर्षांत पिंपल्स यायचे, नंतर आपोआप निवळले. इथे आल्यावर पहिले तीन आठवडे चेहरा इतका छान होता की मला वाटलं, इथली हवा मानवली. मग थंडी सुरू झाली. खोलीत दिवसरात्र हीटर. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मोठे, ठणकणारे फोड यायला लागले. गालांवर कातडीचे पापुद्रे सुटतात आणि त्याच गालांवर पुळ्याही येतात. एकाच चेहऱ्यावर कोरडेपणा आणि तेलकटपणा एका वेळी कसा असू शकतो, हे मला समजत नाही.

काय काय केलं तेही सांगते. दिवसातून चार वेळा फेसवॉश. एक दाणेदार स्क्रब. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं सिरम, मग व्हिटॅमिन सी, मग नायसिनामाइड, हे सगळं दोन आठवड्यांत सुरू केलं. मॉइश्चरायझर बंद केलं, तेलकट चेहऱ्याला ते कशाला म्हणून. आता नुसतं पाणी लागलं तरी चरचरतं.

पण मला खरा त्रास होतोय तो वेगळाच आहे. गटाने काम करताना मी कॅमेरा बंद ठेवते. आईशी बोलताना दिवा पाठीमागे येईल अशी बसते, म्हणजे चेहरा अंधारात राहतो. मागच्या शनिवारी वर्गातल्या मुलींनी फिरायला बोलावलं, मी बरं नाही म्हणून सांगितलं. हे तिसऱ्यांदा. चौथ्यांदा बोलावतील की नाही, माहीत नाही. परक्या भाषेत बोलताना मी आधीच अडखळते. त्यात समोरचा माझ्या डोळ्यांकडे बघतोय की हनुवटीकडे, या विचारात वाक्य अर्ध्यावरच राहतं.

कोणी यातून गेलंय का?

धुकं

गेलोय. मागच्या हिवाळ्यात मी जेवणाच्या सुट्टीत कामाच्या जागेच्या जिन्यात एकटाच बसायचो, कारण जेवणघरात डोक्यावर पांढरे प्रखर दिवे होते. तुझं ते दिवा मागे ठेवून बसणं वाचून पोटात कालवलं. तू एकटी नाहीस, एवढंच आत्ता सांगतो. बाकीचं जाणकार लिहितील.

पायवाट

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. चेहरा न बघता उपचार सांगणार नाही, पण तू लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा करता येईल.

आधी कोरडं आणि तेलकट याबद्दल. तेल ग्रंथींतून येतं, ओलावा म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे एक भरपूर आणि दुसरं कमी असं सहज होतं. आता हवेचा हिशोब बघ. शून्य अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं, २० अंशांना १७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाहेरची अगदी दमट हवा खोलीत घेऊन नुसती तापवली, तरी तिची सापेक्ष आर्द्रता (मावू शकेल त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेलं बाष्प) ३० टक्क्यांच्याही खाली जाते. अशा हवेत तू दिवसाचे वीस तास काढतेस. ती हवा त्वचेतलं पाणी ओढून घेते. त्यावर चार वेळा फेसवॉश आणि स्क्रब म्हणजे भिंतीचा गिलावा आधीच सुटलाय आणि आपण तो खरवडतोय. त्वचेचं संरक्षक आवरण फाटलं की दाह वाढतो, आणि मुरुमांत दाहाचा मोठा वाटा असतो.

मुरूम होतो तो असा: केसाच्या मुळाशी असलेली ग्रंथी जास्त तेल बनवते, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि शरीर त्यांच्यावर सूज आणून प्रतिक्रिया देतं. ते बूच डोळ्यांना दिसण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून तयार होत असतं. म्हणून आज दिसणाऱ्या फोडाचं कारण काल खाल्लेल्या किंवा लावलेल्या गोष्टीत शोधू नये. आणि म्हणूनच कुठलाही उपचार ८ ते १२ आठवडे दिल्याशिवाय त्याचा निकाल लावू नये. दर दहा दिवसांनी बाटली बदलणारे माझ्याकडे रोज येतात. त्यांचा दोष नाही, त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

तुझ्या जागी मी असते तर दोन-तीन आठवडे सगळी सिरमं कपाटात ठेवली असती. सकाळी कोमट पाण्याने चेहरा धुवायचा, साधं बिनसुगंधी मॉइश्चरायझर, त्यावर किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन. रात्री सौम्य क्लेन्झर आणि पुन्हा मॉइश्चरायझर. साबण नको. साबणाचा पीएच (आम्लता मोजायचं माप) ९-१०, त्वचेचा ५च्या आसपास. बेसिनवर पांढरा थर जमत असेल तर तिथलं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं आहे. जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि तो चेहऱ्यावर राहतो.

चरचर थांबली की एकच औषध घ्यायचं, एका वेळी एकच. अ‍ॅडापलीन ०.१ टक्का ते बूच बसू देत नाही. रात्री वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ लावायचं, फक्त फोडावर टिकली लावायची नाही. पहिले काही आठवडे एक दिवस आड. सोसत नसेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर. सुरुवातीला थोडं बिघडल्यासारखं वाटेल, घाबरून सोडू नकोस. दुसरा पर्याय बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते २.५ टक्क्यांचं घे, कारण १० टक्क्यांनी गुण साधारण तेवढाच येतो आणि आग मात्र जास्त होते. उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे वापर, रंगीत कापडाचा रंग त्याने उडतो. गरोदर असताना किंवा तसा विचार असताना अ‍ॅडापलीन लावायचं नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं. पाळी नियमित आहे का? हनुवटीवर-जबड्यावर खोल फोड, जोडीला पाळी पुढे जाणं किंवा चेहऱ्यावर राठ केस असतील तर हॉर्मोन्सची तपासणी करून घ्यायला हवी. तिथे मलमाने भागत नाही.

कोरी पाटी

माझी चूक इथे लिहिते, म्हणजे दुसरं कोणी ती करणार नाही. परदेशात डॉक्टरची वेळ सात आठवड्यांनी मिळत होती. एका नातेवाइकाने येणाऱ्या माणसाबरोबर एक ट्यूब पाठवली, 'याने सगळ्यांचं जातं' म्हणून. चार दिवसांत चेहरा गुळगुळीत झाला. मी दीड वर्ष लावली. बंद केली की दोन दिवसांत चेहरा लालभडक व्हायचा, म्हणून पुन्हा लावायची. शेवटी त्वचा इतकी पातळ झाली की गालांवरच्या बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागल्या. त्या मलमात स्टेरॉइड होतं.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काहीही दिसलं तर पिंपल्ससाठी चेहऱ्याला लावू नका. आणि आधीच लावत असाल तर एकटीने एकदम थांबवू नका, डॉक्टरांना खरं काय ते सांगा. मला सांगायची लाज वाटली, त्यात सहा महिने गेले. आज चेहरा बराच सावरलाय.

पायवाट

कोरी पाटी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. अशा मलमात बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. डाग घालवायच्या काही मलमांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत स्टेरॉइड असतं. चार दिवसांत जादू झाली तर आधी संशय घ्यावा.

निळा डोह

पुरुषांसाठी एक अनुभव. कपाळावर, पाठीवर, छातीवर बारीक, सगळ्या एकसारख्या आणि खाजणाऱ्या पुळ्या आल्या होत्या. पिंपल्स समजून मला प्रतिजैविक गोळ्या दिल्या गेल्या, दोन महिन्यांत त्या दुप्पट झाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी बघताच विचारलं, खाज येते का? ती मॅलासेझिया नावाच्या यीस्टने केसांच्या मुळांना आलेली सूज होती. प्रतिजैविकांनी जिवाणू कमी होतात आणि यीस्टला रान मोकळं मिळतं. बुरशीनाशक औषधाने तीन आठवड्यांत उतार पडला. थंडीत मी अंगात तीन-तीन थर घालून धावत गाडी पकडायचो, घाम आतच मुरायचा आणि संध्याकाळपर्यंत तेच कपडे. हेही कारण होतंच.

शिंपला

मी या धाग्यावर एका वेगळ्या नात्याने लिहितेय. माझी मुलगी तीन वर्षं परदेशात आहे. सुरुवातीला दर वेळी फोन लागला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं: 'अगं, चेहऱ्याला काय झालं?' मला काळजी वाटायची म्हणून विचारायचे. नंतर तिचे फोन आवाजापुरतेच यायला लागले. मला वाटलं, अभ्यास वाढला असेल. वर्षाने घरी आली तेव्हा एका रात्री म्हणाली, 'आई, दिवसभर तो चेहरा घेऊन मी लोकांत वावरायचे. निदान तुझ्यापुढे तरी त्याचा विषय नको वाटायचा.' ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

ओली पहाट, बाळा, तुझ्या आईला एकदा स्पष्ट सांग. मला जर मुलीने आधी सांगितलं असतं तर मी नक्की थांबले असते. आयांना कळत नाही असं नाही, स्क्रीनवर आम्हाला फक्त चेहराच दिसतो, म्हणून आम्ही त्याचंच विचारतो.

ओली पहाट

शिंपला काकू, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

पायवाट ताई, पाळी इथे आल्यापासून दोनदा पुढे गेली आहे. मी प्रवासाचा आणि परीक्षेचा ताण समजत होते. ताणाने पिंपल्स खरंच येतात का? आणि दुधाबद्दल इतकं उलटसुलट ऐकलंय.

पायवाट

ताणाने पाळी पुढेमागे होते, पण पुढच्या तीन-चार महिन्यांच्या तारखा लिहून ठेव आणि डॉक्टरांना दाखव. अंदाजावर सोडू नकोस.

ताणाचं म्हणशील तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठातल्या २२ विद्यार्थ्यांचे चेहरे परीक्षेच्या दिवसांत आणि एरवी असे दोन्ही वेळा तपासले होते. परीक्षेच्या काळात मुरूम वाढलेले दिसले, आणि ज्यांचा ताण जास्त वाढला त्यांचे मुरूमही जास्त. माणसं थोडी होती, पण दवाखान्यात आम्हाला दिसतं ते याच्याशी जुळतं.

खाण्याबद्दल: रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि दूध, खासकरून साय काढलेलं, यांचा मुरुमांशी संबंध आढळला आहे, पण तो सगळ्यांत सारखा नसतो. व्यायाम करणाऱ्यांनी व्हे प्रोटीनकडे, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरकडे, जरूर लक्ष द्यावं. सहा-आठ आठवडे एक गोष्ट कमी करून बघायला हरकत नाही. मात्र आधीच एकटी पडलेल्या मुलीने ताटातलं अर्धं काढून टाकावं, असं मी कधीच सांगणार नाही. बी-१२च्या गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू झाल्यावर काहींना मुरूम येतात, तेही आठवून बघ.

तिसरा थांबा

मी औषधविक्रेता आहे, दोन देशांत काम केलंय. औषधांच्या बाबतीत नव्या देशात लोक नेमके कुठे अडकतात ते सांगतो.

ट्यूबचं कंपनीने ठेवलेलं नाव पाठ करून येतात आणि ते नाव तिकडे नसतंच. मूळ औषधाचं नाव आणि टक्केवारी लिहून ठेवा, ती बहुतेक सगळीकडे तीच असते. घरून औषध आणत असाल तर मूळ वेष्टनात आणा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. नियमही देशागणिक वेगळे. अमेरिकेत ०.१ टक्क्याचं अ‍ॅडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, दुसऱ्या कित्येक देशांत त्यालाही चिठ्ठी लागते. बऱ्याच ठिकाणी थेट त्वचातज्ज्ञाकडे जाता येत नाही, आधी फॅमिली डॉक्टर लागतो. त्यामुळे तब्येत बरी असतानाच, पोचल्यावर पहिल्या महिन्यात डॉक्टरकडे नाव नोंदवून टाका. वाट बघण्याच्या काळात औषधाच्या दुकानातल्या माणसाला विचारा. आम्हाला विचारलेलं आवडतं, आणि बऱ्याच देशांत सौम्य मुरुमांसाठी आम्ही काही देऊही शकतो.

मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं असेल तर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेऊन लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. त्याने उन्हाचाही त्रास वाढतो. क्लिंडामायसिनचं नुसतं जेल महिनोन्‌महिने लावू नका, जिवाणू त्याला सरावतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हवं.

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कोणाच्याही सामानातून मागवू नका. त्या फार गुणकारी आहेत, खोल फोड आणि खड्डे पडणाऱ्या मुरुमांत तर आयुष्य बदलतं. पण गर्भाला त्यांनी गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळ्या चालू असताना आणि थांबल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते, रक्ताच्या तपासण्याही असतात. डॉक्टरांच्या नजरेखालीच.

हिरवळ

त्वचेचं सगळं आलंय, म्हणून मी दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहितो. मी अकरा वर्षं बाहेर आहे.

सुरुवातीचे आठवडे छान गेले आणि मग कोसळलं असं तू लिहिलंस. १९५५ साली लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत शिकायला-शिकवायला जाऊन आलेल्या दोनशेहून जास्त लोकांशी बोलून असंच नोंदवलं होतं. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बऱ्यापैकी रुळलेले, मधले मात्र सर्वांत अवघडलेले. वाटीच्या आकाराची ती रेघ. मी पाचव्या महिन्यात परतीचं तिकीट शोधत होतो तेव्हा हे वाचलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की माझ्यात काही कमी नाही, मी फक्त वाटीच्या तळाकडे उतरतोय.

मला काय उपयोगी पडलं? रोज तोच एक रस्ता, तीच वेळ, वीस मिनिटं चालणं, दिवसाचा उजेड असताना. तिसऱ्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ मान हलवून ओळख द्यायला लागले. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, या गावात मला ओळखणारं कोणीतरी आहे.

धुकं

हिरवळ, एक भर घालतो. ती वाटी सगळ्यांना लागू पडत नाही. नंतरच्या अभ्यासांत बऱ्याच जणांना पहिलाच महिना सर्वांत जड गेलेला दिसला. मला पहिल्या दिवसापासूनच जड होतं, आणि 'सुरुवात तर मजेची असते' असं जो तो सांगायचा तेव्हा मला अजूनच एकटं वाटायचं. ज्याचं वेळापत्रक वेगळं असेल त्याने घाबरू नये.

आणि दिवस लहान झाल्यावर सकाळी उठवतच नसेल, सलग काही आठवडे कशातच मन लागत नसेल, तर त्याला आळस म्हणू नका. मी विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे गेलो. पहिल्या भेटीत फक्त चेहऱ्याबद्दल बोललो, कारण तेच सोपं वाटलं. तिने ते हलक्यात घेतलं नाही.

हिरवळ

बरोबर आहे धुकं. मी माझ्या अनुभवावरून सरसकट लिहून गेलो.

शिंपला

ओली पहाट, त्या मुलींनी बोलवायची वाट बघू नकोस. तूच विचार. तीनदा नाही म्हटल्यावर त्यांना वाटत असेल की तुलाच त्या आवडत नाहीत.

ओली पहाट (अकरा आठवड्यांनंतर)

उशिरा लिहितेय, पण मुद्दाम थांबले. बारा आठवडे व्हायला एकच उरलाय.

पहिले अठरा दिवस मी फक्त क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन वापरलं. काहीच न करणं सगळ्यात अवघड गेलं. रोज रात्री हात सिरमकडे जायचा, शेवटी ती पिशवी मैत्रिणीच्या खोलीत ठेवून आले. दहाव्या दिवशी चरचर थांबली. खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं, आकडा २४ टक्के होता! हीटर दोन अंश खाली आणला आणि वाफ सोडणारं यंत्र घेतलं, आता ४०च्या आसपास असतो. अ‍ॅडापलीन सुरू केल्यावर चौथ्या आठवड्यात चेहरा आधीपेक्षा वाईट झाला, तेव्हा ताईंचं 'घाबरून सोडू नकोस' हे वाक्य कागदावर लिहून आरशाला चिकटवलं होतं. सातव्यापासून नवे फोड कमी झाले. या आठवड्यात हनुवटीवर एकच आहे. पाळीच्या तारखा घेऊन डॉक्टरकडे गेले, रक्त तपासायला दिलंय, सोनोग्राफी पुढच्या महिन्यात.

शिंपला काकूंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. आता फोन लागला की ती आधी माझ्या खिडकीबाहेर काय दिसतंय ते विचारते, आणि मी फोन वळवून दाखवते.

मुलींना मीच विचारलं. पाच जणी तळ्यापर्यंत चालत गेलो. त्यातल्या एकीने वाटेत मला विचारलं की मी चेहऱ्याला काय लावते, कारण तिलाही पाठीवर खूप येतात आणि ती त्यामुळे पोहायला जात नाही. तिला मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पूर्ण वर्गाच्या तासाला मी अजूनही कॅमेरा बंद ठेवते, ते अजून जमलेलं नाही.

आता एक प्रश्न. फोड गेले तिथे तपकिरी डाग राहिलेत. सनस्क्रीन लावते, पण माझ्या रंगावर ते राखेसारखं पांढरट दिसतं, म्हणून मी फार थोडं लावते. काय करू?

पायवाट

वाचून फार बरं वाटलं. सोनोग्राफीचं नक्की कर, बरं वाटतंय म्हणून रद्द करू नकोस.

हे डाग म्हणजे खड्डे नाहीत, सूज ओसरल्यावर मागे राहिलेलं रंगद्रव्य आहे. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत ते जास्त दिसतं, आणि फोड फोडला नाही तर काही महिन्यांत फिकट होत जातं. उन्हात ते गडद होतं, नुसत्या दृश्य प्रकाशानेही होतं. म्हणून रंग मिसळलेलं, लोह ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन शोध. ते दृश्य प्रकाशही अडवतं आणि त्वचेच्या रंगाशी जुळणारं मिळालं तर पांढरंही दिसत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लावायचं. तळ्यावर गेलीस तर दोन तासांनी पुन्हा. डागांसाठी पुढे अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडचा विचार करता येईल, पण आत्ता नको. अ‍ॅडापलीनचे बारा आठवडे आधी पूर्ण होऊ देत.

कोरी पाटी

रंगाची छटा घेताना मनगटावर बघू नकोस, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघ. मी दोनदा चुकीची घेतली होती.